जुन्या मासिकांतली इम्प्रेशनिस्ट प्रदर्शनं : कोण कोण जमवतं?

निळीशाई

नमस्कार मंडळी. बरेच दिवस लिहू लिहू म्हणत होते, आज रविवार आहे, बाहेर सकाळपासून पाऊस लागलाय आणि टेबलावर एक जुना अंक उघडा पडलाय म्हणून एकदाची बसले. मी पॅरिसच्या जवळ राहते, नोकरी अगदी वेगळ्या क्षेत्रातली, चित्रकलेशी संबंध म्हणाल तर शाळेत असताना इंटरमिजिएटची परीक्षा दिली होती तेवढाच. पण गेली काही वर्षं एक नाद लागलाय. इम्प्रेशनिस्ट चित्रकारांची (आपल्याकडे पुस्तकात दृक्प्रत्ययवादी म्हणतात ते) जी गाजलेली प्रदर्शनं झाली, त्यांच्याबद्दल त्या त्या वेळच्या मासिकांत, साप्ताहिकांत, रोजच्या पेपरात जे छापून आलं ते अंक जमवायचे. पुस्तकं नाहीत, चित्रांच्या प्रती नाहीत, अंकच.

सुरुवात कशी झाली तर इथे पंधराव्या वॉर्डात जॉर्ज ब्रासांस नावाची बाग आहे, तिच्या कडेला पूर्वी घोड्यांचा बाजार भरायचा ते लोखंडी मांडव अजून उभे आहेत आणि शनिवार-रविवारी त्यांच्याखाली जुन्या पुस्तकांचा बाजार भरतो. पहिल्यांदा गेले तेव्हा एका खोक्यात १९७४ च्या शरद ऋतूतलं एक कलामासिक मिळालं. त्या वर्षी पहिल्या प्रदर्शनाला शंभर वर्षं झाली म्हणून इथल्या ग्रँड पाले या प्रदर्शनभवनात मोठं शताब्दी प्रदर्शन भरलं होतं, सप्टेंबर ते नोव्हेंबर, आणि मग तेच डिसेंबरात न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात गेलं. घरी येऊन वाचायला घेतलं आणि लेखापेक्षा मी बाकीच्याच गोष्टींत गुंतले. रंगीत चित्रांची छपाई अशी की मोनेचं पाणी जरा जास्तच हिरवं. पुढच्या पानावर कुणीतरी गुळगुळीत फर्निचरची जाहिरात केलेली. आणि कोपऱ्यात पेन्सिलने, म्हणजे अंकाच्या पहिल्या मालकाने, प्रदर्शनाच्या वेळा लिहून ठेवलेल्या. हा माणूस गेला असणार बघायला! त्या दोन ओळींच्या पेन्सिलीने मला जे धरलं ते अजून सोडलेलं नाही.

आता टेबलावर जो अंक आहे त्याबद्दल. 'ल शारिव्हारी' हा पॅरिसचा रोजचा विनोदी पेपर, १८३२ सालापासूनचा, दोम्येची व्यंगचित्रं ज्यात यायची तो. चारच पानं, तिसऱ्या पानावर चित्रं आणि चौथं जाहिरातींचं. माझा अंक २८ एप्रिल १८७७ चा. त्या महिन्यात ल पलतिए रस्त्यावर सहा नंबरच्या घरात तिसरं प्रदर्शन चालू होतं, आणि कॅम नावाच्या व्यंगचित्रकाराने त्यावर चित्र काढलंय की तुर्की सैनिक प्रदर्शनातली चित्रं विकत घेताहेत, युद्धात शत्रूवर धरायला, म्हणजे ती बघूनच शत्रू पळून जाईल. हे चित्र कलेतिहासाच्या पुस्तकात बऱ्याचदा सुटं छापलेलं असतं आणि आपण म्हणतो, बरं, तुर्क का बरं? पण अख्खा अंक हातात असला की माथ्यावरची तारीख दिसते. रशियाने तुर्कस्तानविरुद्ध युद्ध पुकारलं २४ एप्रिलला. चारच दिवस झालेले! पॅरिसमधला माणूस त्या सकाळी कॉफी पिताना त्याच युद्धाबद्दल वाचत होता आणि पान उलटलं की हे. म्हणजे मोने-रेन्वारच्या चित्रांची चेष्टा ही त्या आठवड्याच्या ताज्या बातमीला जोडलेली होती. हे मला सुट्या चित्रावरून सात जन्मांत कळलं नसतं.

तर विचारायचं हे की इथे आणखी कुणी असलं काही जमवतं का? कुठून घेता, कसं ठेवता, काय काय मिळालंय? फोटो टाकता आले तर उत्तमच.

कोकणकडा

वा ताई, मस्त धागा. वाचनखूण साठवली. मला यातलं ओ की ठो कळत नाही पण वाचायला मजा आली. एक शंका, पहिलं प्रदर्शन १८७४ चं म्हणता, त्याची काय भानगड होती? एवढं गाजलं होतं का तेव्हाच?

निळीशाई

@कोकणकडा, तेव्हा गाजलं असं म्हणता येणार नाही, पण बोलबाला झाला. १५ एप्रिल ते १५ मे १८७४, बुलव्हार दे कापुसिनवर ३५ नंबर, नादार नावाच्या प्रसिद्ध फोटोग्राफरचा जुना स्टुडिओ. तीसेक चित्रकार, यादीत १६५ च्या आसपास कामं. तिकीट एक फ्रँक, यादी ५० सांतिमला, आणि संध्याकाळी आठ ते दहा परत उघडं ठेवायचे म्हणजे दिवसा कामावर जाणाऱ्यांना येता यावं. महिन्याभरात साडेतीन हजार लोक आले. सरकारी सालोंमध्ये (दरवर्षीच्या अधिकृत प्रदर्शनात) लाखो लोक जायचे त्याच्यापुढे हे काहीच नाही. हे प्रदर्शन चित्रकारांनी स्वतःच सोसायटी काढून भरवलेलं, डिसेंबरात हिशोब केला तर तिच्या प्रत्येक सभासदाच्या अंगावर १८४ फ्रँक ५० सांतिम देणं निघालं आणि रेन्वारच्या स्टुडिओत बैठक होऊन ती सोसायटी मोडली. पुढे १८८६ पर्यंत एकूण आठ प्रदर्शनं झाली, त्या आठहीत भाग घेतलेला एकटा पिसारो.

नाव पडलं ते 'ल शारिव्हारी'मुळेच. २५ एप्रिल १८७४ च्या अंकात लुई लरोआ याने 'इम्प्रेशनिस्टांचं प्रदर्शन' अशा मथळ्याचा लेख लिहिला, मोनेच्या 'इम्प्रेशन, सूर्योदय' या चित्राच्या नावावर कोटी करून.

तळटीप

निळीशाईताई, यात एक भर घालतो. त्या चित्राला ते नाव कसं पडलं हे मोनेने स्वतः सांगितलंय आणि तेही मासिकातच. १५ मार्च १८९८ च्या 'रेव्ह्यू इल्युस्त्रे'मध्ये मोरिस गिलमो यांनी त्याच्यावर लेख लिहिला त्यात आहे. यादीसाठी नाव विचारलं, हाव्र बंदराचं दृश्य असं काही म्हणवेना, म्हणून मोने म्हणाला 'इम्प्रेशन' लिहा. यादी करत होता रेन्वारचा भाऊ एदमों. एका बंधूने विचारावं, मित्राने घाईत उत्तर द्यावं आणि दहा दिवसांत पेपरवाल्याने त्याचं आख्ख्या पंथाला नाव देऊन टाकावं, हे सगळं कागदावर तारखेनिशी सापडतं याचं मला फार अप्रूप वाटतं.

दुसरं म्हणजे लरोआच्या लेखाला सगळे 'विषारी टीका' म्हणतात. तुम्ही पूर्ण वाचलाय का? माझं मत जरा वेगळं आहे.

निळीशाई

@तळटीप, वाचलाय, आणि तुमच्या मताशी मी शंभर टक्के सहमत असेन असं वाटतंय. बाकीच्यांसाठी सांगते.

तो लेख म्हणजे परीक्षण नाहीच, नाटुकलं आहे. लेखक एका व्हिन्सेंट नावाच्या म्हाताऱ्या चित्रकाराला घेऊन प्रदर्शनात जातो. हा म्हातारा जुन्या वळणाचा, सरकारी पदकं मिळालेला, झाडाचं पानन् पान काढणारा. सुरुवातीला तो भला माणूस समजून घ्यायचा प्रयत्न करतो. पिसारोचं नांगरलेलं शेत बघून चष्मा पुसतो, त्याला वाटतं काच मळलीय. मोनेच्या बुलव्हारच्या चित्रात खाली चालणारी माणसं म्हणजे जिभेने चाटल्यासारखे काळे ठिपके, बघून विचारतो, मी चालतो तेव्हा असा दिसतो? मग सूर्योदयापाशी येतो आणि म्हणतो भिंतीला चिकटवायचा कच्चा कागदसुद्धा या समुद्रापेक्षा जास्त पुरा झालेला असतो. हे एकच वाक्य सगळीकडे उद्धृत होतं. पण गोष्ट तिथे संपत नाही. शेवटी म्हाताऱ्याचं डोकं फिरतं, तो उलट इम्प्रेशनिस्टांच्याच बाजूने बोलायला लागतो, दारातल्या पहारेकरी शिपायाला चित्र समजतो आणि म्हणतो याला दोन डोळे, एक नाक, एक तोंड कशाला काढलंय, इतक्या बारकाव्यांची गरज काय! आणि मग 'मी चालतं इम्प्रेशन आहे' म्हणत त्या शिपायासमोर रेड इंडियन लोकांसारखा नाचतो.

आता सांगा, यात हसं कुणाचं झालंय? चित्रकारांचं झालंय हे खरंच, पण त्या पदकवाल्या म्हाताऱ्याचंही तेवढंच झालंय. विनोदी पेपरचा वाचक दोघांनाही हसला असणार. पुस्तकातून तो एक कागदाचा टोमणा वाचत आलो म्हणून आपल्या डोक्यात लरोआ खलनायक होऊन बसलाय. त्याच आठवड्यात, २९ एप्रिलला, कास्तान्यारी या समीक्षकाने 'ल सिएक्ल' या पेपरात अगदी शांतपणे लिहिलंय की ही मंडळी निसर्गदृश्य काढत नाहीत, त्या दृश्याने मनावर उमटणारी संवेदना काढतात, त्या अर्थाने हे इम्प्रेशनिस्ट. चार दिवसांच्या अंतराने तोच शब्द, एकाने चेष्टेत वापरला, दुसऱ्याने समजून. हे दोन अंक शेजारी शेजारी ठेवून वाचायची माझी फार इच्छा आहे. १८७४ चा तो 'शारिव्हारी' मात्र मला अजून मिळालेला नाही, मागणी खूप असते.

चष्मेबहाद्दर

धागा छान आहे पण एक प्रश्न विचारतो, राग मानू नका. फ्रान्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या गॅलिका साइटवर हे जवळपास सगळे पेपर स्कॅन करून फुकट ठेवलेत. घरात बसून वाचता येतात, मोठं करून बघता येतं. मग पैसे घालून पिवळा पडलेला कागद घरात कशाला आणायचा? शिवाय धूळ, कसर, जागा.

निळीशाई

राग कसला, रास्त प्रश्न आहे. मी स्वतः आधी गॅलिकावरच वाचते, तिथे तारीख पक्की करते आणि मगच बाजारात शोधते, नवीन लोकांनाही हेच सांगेन. पण दोन गोष्टी तिथे मिळत नाहीत.

एक म्हणजे आकार. स्क्रीनवर सगळं एकाच मापाचं दिसतं. 'शारिव्हारी' हातात धरला की कळतं हा पेपर दोन्ही हात पसरून वाचायचा आहे, घडी मोडली की पाठीमागच्या जाहिराती समोर बसलेल्याला दिसतात.

दुसरी जास्त महत्त्वाची. ग्रंथालयं मासिकांचे बारा अंक एकत्र बांधतात ना, तेव्हा बांधणीवाला वेष्टन आणि जाहिरातींची पानं बऱ्याचदा काढून टाकायचा. 'गाझेत दे बोझार' किंवा लंडनचं 'द स्टुडिओ' यांच्या बांधीव खंडांत लेख सगळे असतात पण रंगीत वेष्टनं गेलेली असतात. आणि स्कॅन झालेत ते बहुतेक हेच बांधीव खंड. कुठल्या गॅलरीने त्या महिन्यात कुणाच्या चित्रांची जाहिरात दिली, रंगाच्या ट्यूबा कोण विकत होतं, अंकाची किंमत किती, हे सगळं त्या फेकलेल्या पानांवर होतं. म्हणून सुटा, वेष्टनासकट अंक मिळाला तर मी फाटका असला तरी घेते.

तळटीप

+१. आणि काही गोष्टींचा मूळ अंक आपल्याला मिळणारच नाही, तिथे स्कॅन आणि पुनर्मुद्रणावरच भागवायचं. सगळ्यात मोठं उदाहरण 'लँप्रेशनिस्त'. १८७७ च्या प्रदर्शनाच्या वेळी रेन्वारचा मित्र जॉर्ज रिव्हिएर याने हे छोटं नियतकालिक काढलं, किंमत १५ सांतिम, ६, १४, २१ आणि २८ एप्रिल असे चारच अंक निघाले आणि बंद. इम्प्रेशनिस्टांच्या बाजूने त्यांच्याच माणसाने काढलेलं पत्र! पहिल्याच अंकात 'फिगारो'च्या संपादकाला उद्देशून पत्र आहे, कारण आदल्या वर्षी त्या पेपरात आल्बेर वोल्फने फार वाईट लिहिलं होतं, पाच-सहा वेडे, त्यातली एक बाई, असं. ती बाई म्हणजे चित्रकार बेर्त मोरिझो. रिव्हिएरने रेन्वारच्या 'मुलँ द ला गालेत'ला इतिहासाचं एक पान म्हटलंय, चित्राचे रंग ओले असताना म्हटलंय हे! लिओनेल्लो व्हेंतुरीने १९३९ साली 'आर्शिव्ह द लँप्रेशनिझ्म'च्या दोन खंडांत हा मजकूर परत छापला, मी तो वाचला. मूळ अंक मी फक्त काचेआड बघितलाय.

ताई, तुमचा २८ एप्रिलचा 'शारिव्हारी' आणि रिव्हिएरचा शेवटचा अंक एकाच तारखेचे आहेत हे लक्षात आलं का? त्या शनिवारी एकीकडे तुर्कांचा विनोद आणि दुसरीकडे हा.

निळीशाई

नव्हतं आलं लक्षात!! अंगावर काटा आला खरंच. आत्ता कॅलेंडर काढून बघितलं, हो, शनिवारच.

मिशिगनचा_वारा

माझ्याकडे एवढं जुनं काही नाही, पण अमेरिकेतलं थोडं सांगतो. मी शिकागोत आलो त्या वर्षी, १९९५ ला, इथल्या आर्ट इन्स्टिट्यूटमध्ये मोनेचं प्रदर्शन होतं, १५९ कामं, २२ जुलै ते २६ नोव्हेंबर, आणि साडेनऊ लाखांवर लोक येऊन गेले. तारीख-वेळ घालून तिकिटं. मी विद्यार्थी होतो, मला परवडलं नाही असं नाही पण मी आळस केला आणि गेलो नाही, ती चुटपुट अजून आहे. त्याचीच भरपाई म्हणून असेल, त्या चार महिन्यांतल्या रविवारच्या पुरवण्या, मासिकं, संग्रहालयाच्या सभासदांना जायची ती पत्रिका, सगळं मी नंतर गॅरेज सेलमधून एकेक करून जमवलं. इथे गॅरेज सेलमध्ये लोक खोकीच्या खोकी देऊन टाकतात, पन्नास सेंटला अंक.

आणखी एक, माझ्या संग्रहातला मला सगळ्यात आवडणारा गठ्ठा १९८६ चा आहे. त्या वर्षी जानेवारीत वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरीत आणि मग एप्रिलपासून सॅन फ्रान्सिस्कोला 'द न्यू पेंटिंग' नावाचं प्रदर्शन झालं, मूळ आठ प्रदर्शनांत काय काय टांगलेलं होतं ते शोधून परत एकत्र आणायचं असा प्रयत्न होता. आणि गंमत बघा, ज्या चित्रावरून नाव पडलं ते 'इम्प्रेशन, सूर्योदय' तेव्हा चोरांच्या ताब्यात होतं! २७ ऑक्टोबर १९८५ ला पॅरिसच्या मार्मोतां संग्रहालयात भरदिवसा बंदुका दाखवून नऊ चित्रं पळवली, ती सापडली १९९० च्या डिसेंबरात कॉर्सिकात. त्यामुळे १९८६ च्या मासिकांत त्या चित्राचा उल्लेख आला की मला कसंतरीच होतं, लिहिणाऱ्याला माहीत नाही ना ते परत मिळणार आहे की नाही. आपल्याला माहिती आहे, त्याला नाही.

निळीशाई

@मिशिगनचा_वारा, दादा, शेवटची ओळ वाचून थांबले. मी इतके दिवस जे शब्दांत पकडायला बघत होते ते तुम्ही लिहिलंत. अंक लिहिणाऱ्याला पुढचं माहीत नसतं, म्हणूनच तर तो हवा. पुस्तक लिहिणाऱ्याला शेवट माहीत असतो, १८७४ पासूनच तो मोनेला मोठा माणूस म्हणून वागवतो. त्या एप्रिलात मोने तेहतीस वर्षांचा होता आणि त्याच्यावर देणं होतं.

अमेरिकेचं निघालंच आहे तर १८८६ चं न्यूयॉर्क विसरू नका. द्युरां-र्युएल या व्यापाऱ्याने जवळपास तीनशे चित्रं नेली, अमेरिकन आर्ट असोसिएशनने 'प्रदर्शनासाठी' म्हणून आणली म्हणून आधी जकात भरावी लागली नाही. १० एप्रिलला उघडलं आणि प्रतिसाद बघून पुढे नॅशनल अकॅडमीत हलवलं. पॅरिसमध्ये विकलं न गेलेलं तिथे विकलं गेलं. त्या वसंतातली न्यूयॉर्कची साप्ताहिकं तुमच्या गॅरेज सेलमध्ये मिळाली तर मला आधी कळवा.

पानगळ

मी बरेच दिवस वाचनमात्र होते, आज लिहितेय कारण मला जरा टोचणी लागलीय. माझ्या दिवाणखान्यात एक फ्रेम आहे, १८७७ च्या 'शारिव्हारी'चं तिसरं पान, तो प्रदर्शनाच्या दारातला पोलीस पोटुशी बाईला आत जाऊ नका म्हणतोय ते चित्र. ऑनलाइन घेतलं, सुंदर माउंट केलेलं होतं, माझ्या लग्नाच्या वाढदिवसाला. हा धागा वाचल्यावर मी ती फ्रेम उतरवून मागून उघडली तर कागदाच्या डाव्या कडेला सरळ कापल्याची रेघ आहे. म्हणजे विकणाऱ्याने अंक फाडून हे पान काढलं आणि बाकी कदाचित फेकून दिलं. आता ती बघवेना झालीय. चूक झाली का माझी?

तळटीप

स्पष्ट बोलतो, तुमची नाही, पण ही पद्धत वाईट आहे. चार पानांचा पेपर, एक पान फ्रेममध्ये गेलं की उरलेल्याचं काही उरत नाही. मागणी आहे म्हणून फाडतात. आपण जमवणाऱ्यांनी सुटी पानं घेणं पूर्ण बंद केलं पाहिजे असं माझं मत आहे.

मिशिगनचा_वारा

तळटीप, एवढं टोकाचं नको वाटतं. काही अंक आधीच मोडकळलेले असतात, पाणी लागलेले, अर्धे गेलेले, त्यातलं एखादं पान वाचलं तर बरंच की. पानगळताई, तुमच्या फ्रेममुळे किती पाहुण्यांनी ते चित्र काय आहे म्हणून विचारलं असेल.

निळीशाई

पानगळताई, फ्रेम परत लावा. पान वाचलंय, तुमच्या घरात मानाने आहे. फक्त दोन गोष्टी करा, पाठीमागे पेन्सिलने (पेनाने नाही) तारीख लिहून ठेवा, तुमचं चित्र १६ एप्रिल १८७७ चं, आणि उन्हाच्या भिंतीवरून हलवा. मी तळटीपांच्या बाजूची आहे, अख्खा अंक मिळत असेल तर अख्खाच घ्यावा, आणि विक्रेत्याला हटकून विचारावं की पान कुठून आलं. मागच्या वर्षी एकाकडे मी अंक बघायला मागितला तर तो म्हणाला अंक नको, तुम्हाला हवं ते पान आत्ता कापून देतो, स्वस्तात. हातात कटर होता. मी तिथल्या तिथे पस्तीस युरो देऊन आख्खा अंक घेतला, जो मला नको होता.

पिंपळपान

मंडळी, माझी चाळीस वर्षं बाइंडिंगच्या धंद्यात गेली, आता मुलगा बघतो. चित्रातलं मला फार कळत नाही पण कागदातलं कळतं म्हणून दोन शब्द.

जुना म्हणजे वाईट कागद असं नसतं. चिंध्यांपासून केलेला कागद दीडशे वर्षांनीसुद्धा वाकवला तर वाकतो. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लाकडाचा लगदा आला, त्यातल्या लिग्निन या घटकामुळे आणि आम्लामुळे कागद आधी पिवळा मग तपकिरी होतो आणि कोपरा दुमडला की बिस्किटासारखा तुटतो. त्यामुळे निळीशाईताईंचा १८७७ चा पेपर कदाचित त्यांच्या १९७४ च्या मासिकाच्या जाहिरातीच्या पानांपेक्षा जास्त टिकेल. आश्चर्य वाटायला नको.

घ्यायच्या आधी मधली पिन बघा. पिनेभोवती तांबूस डाग म्हणजे गंज, तो कागद खातो. गंजलेली पिन ओढून काढू नका, मागच्या बाजूने टोकं हळूच सरळ करा, पाती सरकवा, मग निघते. पिनेच्या जागी सुती दोरा त्याच भोकांतून घाला.

सेलोटेप कधीही नाही. लॅमिनेशन तर नाहीच नाही, ते केलं की संपलं. प्लास्टिकची पिशवी साधी पीव्हीसीची असली तर ती काही वर्षांनी चिकट होते आणि शाई उचलते, पॉलिएस्टरची घ्या आणि मागे आम्लविरहित पुठ्ठा. आडवे ठेवा, उभे नाही, एकावर एक फार रचू नका. आपल्याकडे पावसाळ्यात कपाट आठवड्यातून एकदा कोरड्या दिवशी उघडून वारा द्या. कसर लागू नये म्हणून डांबरगोळ्या थेट कागदावर टाकू नका. आमचे आजोबा पोथ्यांच्या रुमालात वेखंडाचा तुकडा ठेवायचे, मी अजून ठेवतो, कापडाच्या पुरचुंडीत बांधून, कागदाला न लावता.

आणि छपाई खरी की नंतरची नक्कल हे बघायचं तर दहा पटीचं भिंग घ्या. नियमित ओळीत ठिपके दिसले तर ते हाफटोन, म्हणजे फोटोवरून केलेलं. १८७७ च्या रेषाचित्रात असे ठिपके दिसले तर पैसे परत घ्या.

निळीशाई

काका, तुमचा प्रतिसाद मी छापून भिंतीवर लावणार आहे. भिंगाचं मला माहीतच नव्हतं. आत्ता मोबाईलच्या लेन्सने बघितलं, माझ्या तुर्कांच्या रेघा सलग आहेत, ठिपके नाहीत. हुश्श!

कोकणकडा

पिंपळपान काका, __/\__. वेगळा धागा काढा यावर.

चष्मेबहाद्दर

मत बदललं माझं, थोडंसं. सध्याचे अंक ठेवण्यात अर्थ आहे का मग? २०२४ ला पॅरिसच्या ऑर्से संग्रहालयात दीडशे वर्षांचं प्रदर्शन झालं ना, मी तेव्हा कामानिमित्त पॅरिसला होतो आणि विमानतळावर त्याचा विशेषांक घेतला होता. घरी कुठेतरी असेल.

निळीशाई

शोधा आणि ठेवा! 'पॅरिस १८७४', २६ मार्च ते १४ जुलै, मग वॉशिंग्टनला गेलं. मी तीनदा गेले. त्यात १८७४ च्या सरकारी सालोंमधली चित्रंही शेजारी टांगली होती, त्यामुळे त्या वर्षीच्या प्रेक्षकाच्या डोळ्यांना काय सवय होती ते कळलं, आणि मार्मोतांचा सूर्योदयही तिथे होता. त्या वेळच्या कलामासिकांचे विशेषांक आज कुणी विचारत नाही, जुन्या बाजारात तीन-चार युरोला पडलेले असतात. तसंच १९७० नंतर ग्रँड पालेच्या मोठ्या प्रदर्शनांना एक घडीचं पत्रक मिळायचं, 'पेती जुर्नाल', १९८० चं मोने, १९८३ चं माने (हा वेगळा, मोने नव्हे), १९८५ चं रेन्वार. लोक खिशात घालून घरी न्यायचे आणि टाकून द्यायचे, म्हणूनच आता चांगल्या स्थितीत कमी मिळतात. नवीन सुरुवात करणाऱ्याने तिथून करावी, खर्च नाही आणि वाचायला सोपं. फ्रेंच येत नसलं तरी मोबाईलचा कॅमेरा धरला की कामापुरतं कळतं.

सायंतारा

नमस्कार, मी नागपूरची. या धाग्यामुळे काल एक गोष्ट केली ती सांगायलाच हवी. माझे आजोबा ड्रॉइंग टीचर होते, एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या पोरांना शिकवायचे. त्यांची एक पत्र्याची पेटी माळ्यावर आहे, आई दरवर्षी दिवाळीच्या साफसफाईत म्हणते रद्दीत द्या आणि बाबा म्हणतात पुढच्या वर्षी. काल मी उघडली. वरती 'द स्टुडिओ'चे तीन बांधीव खंड, पाठ निखळलेली, आणि ताईंनी लिहिलंय तसंच, आत वेष्टनं नाहीत, लेखच आहेत. काही चित्रांवर आजोबांनी पेन्सिलने चौकटी आखल्यात, बहुतेक मुलांना मोठं करून दाखवायला. मला फार भरून आलं, मी त्यांना बघितलेलं नाही.

पण विचारायचं ते पुढचं. खंडांच्या खाली, अगदी तळाला, सुताच्या रुमालात एक गठ्ठा बांधलेला आहे. कडेकडेने बघितलं तर बांधलेले नाहीत, सुटे अंक आहेत, वेगवेगळ्या रंगांचे कागदी कव्हर दिसतात. रुमाल तळाला पत्र्याला चिकटलाय आणि एका बाजूने वाळवीची माती आहे. मी हात लावला नाही. काय करू?

पिंपळपान

हात लावला नाहीत हे फार चांगलं केलंत पोरी. ओढू नका. पेटी आहे तशी खाली आणून सावलीत, पंख्याच्या थेट वाऱ्यात नाही, दोन दिवस उघडी ठेवा, बाकीच्या पुस्तकांपासून लांब. वाळवी जिवंत असेल तर ताजी ओलसर माती दिसेल, मेलेली असेल तर बोटाने भुगा होतो. मातीला बाहेरून मऊ ब्रश मारा, रंगाचा नवा कोरडा ब्रश चालेल. रुमाल चिकटलाय तो गंजाने असणार, तिथे कापड कात्रीने कापा आणि तेवढा तुकडा पत्र्यालाच राहू द्या. कागद वाचला पाहिजे, कापड गेलं तरी चालेल. मग गठ्ठा खालून पुठ्ठा सरकवून उचला, वरून धरून नाही.

निळीशाई

सायंतारा, काका सांगताहेत तसंच कर, घाई करू नकोस. अंक सुटे झाले की आत बघायच्या आधी प्रत्येकाचं वेष्टन पुढून आणि मागून, मग आतली बाजूही, फोटो काढून घे, कारण पहिल्यांदा उघडताना कव्हर कण्यापाशी तुटतं. आणि आजोबांनी मागच्या पानावर कुठे काही लिहिलंय का तेही बघ. मी रात्री जागी आहे, फोटो टाकलेस की महिना आणि साल आपण इथेच लावू.

सायंतारा

बाबांनी पेटी खाली आणलीय. ब्रश आणायला निघालेय.